धर्मादाय शेतीचा ताळेबंद

परदेशी मदतीचे वाटप करणारी अमेरिकेची 'यूएसएड' ही संस्था १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली. तिची जी थोडीफार कामे उरली ती परराष्ट्र खात्याकडे वर्ग झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. हेच प्रमाण २०२१ पूर्वी काही वर्षे ०.७ टक्के होते. सरकारांनी हात आखडता घेतला की खासगी दानधर्माकडे डोळे लागणे स्वाभाविक आहे. आफ्रिकेतील खेड्यापाड्यांसाठी आता चर्चप्रणीत संस्था, न्यास, लहानमोठी मंडळे आणि निवृत्त सद्गृहस्थ पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात पुढे येतील, आणि त्यांच्या मदतीचे आवडते रूप कोणते असेल हेही आधीच सांगता येण्याजोगे आहे. ते म्हणजे धर्मादाय शेती.

या शेतीची कल्पना मोठी मोहक आहे. गावच्या मुखियाकडून पन्नासशंभर एकर जमीन मिळवावयाची, तिला कुंपण घालावयाचे, विंधणविहीर घेऊन पंप बसवावयाचा, एखादा ट्रॅक्टर आणावयाचा. मका, भाजीपाला, कोंबड्या, जमल्यास तळ्यात मासे. उत्पन्नातून शाळा, अनाथाश्रम किंवा दवाखाना चालावा, गावकऱ्यांना रोजगार मिळावा आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी सुधारलेली शेती डोळ्यांनी पाहून शिकावी. दात्याच्या दृष्टीनेही हा व्यवहार समाधानाचा असतो. भुकेल्यास भाकरी देण्यापेक्षा भाकरी पिकविण्याचे साधन दिले, असे त्याला वाटते. त्यात खोटे काही नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या एका शेतावर परस्परांशी न जुळणारी दोन उद्दिष्टे लादलेली आहेत.

शाळेचा खर्च निघावा इतका नफा शेतीतून काढावयाचा, तर जमीन चांगली हवी, पाणी हमखास हवे, यंत्रे हवीत आणि पगारी व्यवस्थापक हवा. शेजाऱ्याला शिकवावयाचे असेल, तर शेत शेजाऱ्याच्या शेतासारखेच हवे: तितकेच कोरडे, तितकेच हलके, तितक्याच तुटपुंज्या भांडवलावर चालणारे. पहिल्या प्रकारच्या शेतीवरून दुसऱ्या प्रकारच्या शेतकऱ्याला एकच गोष्ट शिकता येते. पैसे असले की पीक येते, ही ती गोष्ट, आणि ती त्याला आधीच ठाऊक असते. मलावीचे उदाहरण पाहा. २००५ साली तेथे मक्याचे पीक जेमतेम १२ लाख टन आले व देश अन्नासाठी हात पसरू लागला. पुढच्या हंगामात सरकारने लहान शेतकऱ्यांना खते व सुधारित बी सवलतीच्या दरात दिले, पाऊसही बरा झाला, आणि पीक २६ लाख टनांच्या घरात गेले. एका वर्षात मलावीचा शेतकरी अधिक हुशार झाला असे नव्हे. कसे पिकवावे हे त्याला कळत होते. खताचे पोते परवडत नव्हते. या अनुदानाचा बोजा सरकारी तिजोरीला पुढे जड गेला हा वेगळा विषय. परंतु 'आदर्श शेत' दाखविण्यासाठी परक्याने तेथे जावे, या कल्पनेचा पाया किती कच्चा आहे हे त्यावरून दिसते.

आफ्रिकेच्या भूमीवर बाहेरच्यांनी शेती करून दाखविण्याचा इतिहास तसा जुना आणि बराचसा केविलवाणा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या मजूर सरकारने टांगानिकात तीस लाखांहून अधिक एकरांवर भुईमूग पिकविण्याची योजना आखली. कोंग्वा भागातील पाऊस अपुरा आणि माती उन्हात विटेसारखी घट्ट होणारी, हे तेथील गोगो लोकांना विचारले असते तरी कळले असते. १९५१ साली योजना गुंडाळली तेव्हा सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले होते, आणि बियाण्यासाठी जितका भुईमूग आणला तितकाही परत मिळाला नव्हता. केनियातील तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठविण्याचा कारखाना १९८० च्या सुमारास उभा राहिला. मासळी गोठविण्याचा खर्च मासळीच्या किमतीहून अधिक होतो असे आढळल्याने तो थोड्याच दिवसांत बंद पडला. तुर्काना लोक मुळात गुरे राखणारे, तेव्हा त्यांचा या उद्योगाशी संबंध बेताचाच होता. या कथा अनेकदा सांगितल्या जातात आणि त्यांवर हसणे सोपे आहे. त्या सरकारी अजस्रतेच्या कथा आहेत, आमचे काम लहान व मायेचे आहे, असे धर्मादाय संस्था म्हणतील. म्हणून लहान कामाकडेच वळू.

लहान कामातील चूक बहुधा शेतीच्या तंत्रात नसते, ती दिनदर्शिकेत असते. मलावीत पावसाळा एकच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मागच्या हंगामाचा मका गरीब घरात डिसेंबरच्या आसपास संपतो आणि नवा मार्चएप्रिलपर्यंत हाती येत नाही. हे तीन महिने उपासमारीचे. नेमक्या याच महिन्यांत पेरणी, खत घालणे आणि खुरपणी ही शेतीची सर्वांत निकडीची कामे असतात. घरात दाणा नसलेले कुटुंब अशा वेळी दुसऱ्याच्या शेतावर मका किंवा पैसे घेऊन राबते. या मजुरीला तेथे 'गान्यू' म्हणतात. परिणाम असा की त्याच्या स्वतःच्या शेतातील तण तसेच वाढते, पीक कमी येते, आणि पुढच्या वर्षी मका आणखी लवकर संपतो. दारिद्र्याचे दुष्टचक्र हा शब्दप्रयोग आपण पाठ्यपुस्तकांत इतका झिजविला आहे की त्याचा अर्थ उरत नाही. येथे तो अक्षरशः दिसतो.

आता या गावात एक धर्मादाय शेत आणून ठेवा. त्याला मजूर केव्हा लागतील? शेजाऱ्याला ज्या आठवड्यांत लागतात, त्याच आठवड्यांत. संस्था मजुरी चांगली देते, वेळेवर देते, दुपारी जेवणही देते. साहजिकच सर्वांत गरीब बायका प्रथम तिच्या दारात येतात, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात 'इतक्या स्त्रियांना रोजगार' अशी नोंद होते. त्या स्त्रियांच्या स्वतःच्या वाफ्यांत खुरपणी राहून गेली, ही नोंद कोणत्याही अहवालात नसते. ज्याला आम्ही वर्गात संधित्याग खर्च म्हणतो, तो असा दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडतो. तीच मजुरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत, बांधबंदिस्तीच्या वा रस्त्याच्या कामावर दिली असती, तर घरात मका शिल्लक राहिला असता आणि पावसाळ्यात बाई स्वतःच्या शेतात राहिली असती. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रोजगार हमीची कामे उन्हाळ्यात का भरतात आणि पेरणीला ओस का पडतात, हे आपल्याकडे तलाठ्यालाही माहीत आहे.

बाजाराचेही तेच. खेड्याच्या आठवडी बाजारात टोमॅटोची मागणी फारशी लवचीक नसते. संस्थेने ठिबकवर पिकविलेले टोमॅटो एकदम आले की भाव उतरतो. संस्थेला तो सोसवतो, कारण तिची तूट दूरचा दाता भरून काढतो. बादलीने पाणी घालून टोमॅटो पिकविणाऱ्या शेजारणीची तूट भरून काढणारा कोणी नसतो. एखाद्या व्यापाऱ्याने तोटा सोसून भाव पाडले असते तर आपण त्याला दोष दिला असता. येथे हेच काम परोपकाराच्या नावाने, आणि तेही नकळत, होत असते.

तिसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत जमीन रूढीने कसली जाते. सातबारासारखा कागद नसतो. म्हणून ती 'मोकळी' आहे असे परक्याला वाटते. वस्तुतः तिच्यावर हक्कांचे थर असतात. कोणी पिकवितो, कोणी कापणीनंतर गुरे सोडतो, कोणी सरपण आणतो. मलावीच्या मध्य व दक्षिण भागांत वारसा आईकडून चालतो आणि नवरा पुष्कळदा बायकोच्या गावी राहावयास येतो. तरीही लाभार्थ्यांच्या यादीत नाव कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे लिहिले गेले, तर कागद एक बोलतो आणि जमीन दुसरे. गांबियात जहाली-पाचार येथे १९८४ साली सुरू झालेल्या भातशेतीच्या योजनेत याचे फार शिकण्याजोगे प्रत्यंतर आले. त्या नदीकाठच्या दलदलीत भात पिकविणे हे पूर्वापार स्त्रियांचे काम. मांडिंका समाजात शेताचे दोन प्रकार: 'मारुओ' म्हणजे साऱ्या कुटुंबाचे, ज्याच्या पिकावर घरातील कर्त्या पुरुषाचा ताबा, आणि 'कामान्यांगो' म्हणजे व्यक्तीचे स्वतःचे, ज्याचे पीक तिचे. योजनेने पाणी आणले, वर्षातून दोन पिके शक्य केली, एवढेच नव्हे तर स्त्रियांच्या आग्रहाने बरेच वाफे त्यांच्या नावेही केले. पण व्यवहारात ते वाफे 'मारुओ' ठरले. नाव बाईचे, श्रम बाईचे, पीक मालकाचे. मग अनेक बायकांनी घरच्या वाफ्यात राबावयास नकार दिला, टोळ्या करून त्या मजुरीने दुसरीकडे जाऊ लागल्या. योजनेच्या तज्ज्ञांनी पाण्याची पातळी बारकाईने मोजली होती. घरातल्या घरात पिकाचा मालक कोण, हे मोजावयाचे राहिले.

हे सर्व वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की बाहेरच्याने काही करूच नये. तो निष्कर्ष मला मान्य नाही. बुर्किना फासोच्या यातेंगा प्रांतात 'ऑक्सफॅम'ने १९७९ च्या सुमारास झाडे लावण्याचे काम हाती घेतले. पावसाचे पाणी अडवून झाडे जगवावीत असा बेत होता. शेतकऱ्यांना झाडांत रस नव्हता. पाणी अडतेच आहे तर ज्वारीला अडवा, असे त्यांचे म्हणणे पडले. संस्थेने आपला बेत बदलला, आणि या गोष्टीतील खरे शहाणपण माझ्या मते येथेच आहे. शेतात दगडांच्या ओळी रचण्याची रीत तेथे जुनीच होती. पण ओळ समपातळीत नसली की पाणी एका टोकाला गोळा होऊन ती फुटते. उतार इतका मंद की डोळ्यांना कळत नाही. त्यावर उपाय निघाला तो पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहण्याचा. आपल्याकडचा गवंडी भिंतीची पातळी पाहतो तशीच ती नळी, किंमत काही थोड्या डॉलरांची, आणि निरक्षर माणसालाही एकदोन दिवसांत वापरता येणारी. दगडी ताली गावोगाव पसरल्या. त्यांच्या जोडीला याकुबा सावाडोगो यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी 'झाई' ही जुनी पद्धत सुधारली. कोरड्या ऋतूत कडक जमिनीत खड्डे घ्यावयाचे, पूर्वीपेक्षा मोठे व खोल. त्यांत शेणखत टाकावयाचे. त्या खताने वाळवी येते आणि ती जमीन पोखरून भुसभुशीत करते. पहिल्या पावसात पाणी खड्ड्यात जिरते व ज्वारीबाजरी उगवते. शेणखतातून आलेल्या बियांची झाडेही वाढली आणि सावाडोगो यांच्या पडीक जमिनीवर वनच उभे राहिले. त्यांना २०१८ साली 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात ते वारले. येथे श्रम कोरड्या महिन्यांतले, साधने गावातली, शेत शेतकऱ्याचे स्वतःचे, आणि बाहेरून आले ते फक्त एक नळी, दगड वाहून नेण्यास थोडी मदत आणि ऐकून घेण्याची तयारी.

वस्तू साधी असली तरी ती टिकेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. या बाबतीत महाराष्ट्राचा आफ्रिकेशी एक संबंध आहे, जो आपल्याला फारसा ठाऊक नसतो. १९७० च्या दशकात 'युनिसेफ'च्या पुढाकाराने तयार झालेला 'इंडिया मार्क टू' हा हातपंप ज्या नमुन्यावरून घडला, तो 'सोलापूर पंप' या नावाने ओळखला जात असे. जालना व सोलापूर भागांत मिशनरी संस्थांनी विंधणविहिरींसाठी केलेल्या खटपटीतून तो आला. हा पंप पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. पंप उत्तम होता. तरीही २००९ च्या सुमाराच्या अंदाजांनुसार सहाराच्या दक्षिणेकडील देशांत सर्व प्रकारचे मिळून सुमारे एक तृतीयांश हातपंप कोणत्याही वेळी बंद असत. पंप बसविण्यास दाता मिळतो, त्याच्या चबुतऱ्यावर दात्याचे नावही कोरले जाते. वायसर बदलण्यास दाता मिळत नाही. सुटे भाग तालुक्याच्या दुकानात विकत मिळतात की नाहीत, ते विकणाऱ्याला त्यात चार पैसे सुटतात की नाही, यावर त्या विहिरीचे आयुष्य अवलंबून असते. आपल्या फुकट वाटपाने तो दुकानदारच उठून जात असेल, तर गावाला दिलेला पंप आपणच अर्धा परत घेतला असे म्हणावे लागेल.

मोठा पैसा व मोठी विद्वत्ता एकत्र आल्यास काय होते, याचाही एक प्रयोग होऊन गेला आहे. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या पुढाकाराने 'मिलेनियम व्हिलेजेस' हा प्रकल्प केनियातील सौरी गावापासून सुरू झाला आणि २०१५ पर्यंत दहा देशांत चालला. खत, बी, मच्छरदाण्या, दवाखाने, शाळेतील जेवण असे सर्व एकाच वेळी. सौरीत मक्याचे उत्पादन हेक्टरी दोन टनांच्या आतून पाच टनांच्या आसपास गेले. युगांडातील रुहीरा येथेही मका उदंड आला, पण तेथे विकावयास बाजार नव्हता आणि ठेवावयास जागा नव्हती. घराघरांत साठविलेल्या मक्यावर उंदरांची चंगळ झाली. तुलनेसाठी शेजारची गावे सुरुवातीपासून निवडलेली नव्हती, त्यामुळे यशाचे दावे तपासणे कठीण झाले व त्यावरून तज्ज्ञांत बरेच खटके उडाले. शेवटी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात शेती व आरोग्य या बाबतींत निश्चित सुधारणा आढळली. कुटुंबांच्या उपभोग खर्चावरून मोजलेल्या दारिद्र्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. योगायोग असा की सौरी ज्या सियाया परगण्यात आहे, तेथेच पुढे 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने ६५३ गावांच्या क्षेत्रात सुमारे साडेदहा हजार गरीब कुटुंबांना प्रत्येकी हजार डॉलरच्या आसपास रोख रक्कम देऊन टाकली. काय करा, काय करू नका, हे सांगितले नाही. अभ्यासकांनी तेथील गावे पद्धतशीर निवडून तुलना केली, तेव्हा दिलेल्या एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवहारात सुमारे अडीच डॉलरची भर पडल्याचे दिसले, आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचाही खर्च वाढला. भाव मात्र नाममात्र वाढले. केन्सच्या गुणकाचा इतका स्वच्छ दाखला विद्यार्थ्यांना देता यावा, याचा एका अध्यापकाला झालेला आनंद वाचकांनी क्षम्य मानावा.

रोख रकमेने सारे भागते असे मात्र मुळीच नाही. पैशाने दवाखान्यातील परिचारिका निर्माण होत नाही आणि रस्ताही होत नाही. परंतु दात्यांनी एक कसोटी तरी त्यावरून बांधून घ्यावी. शंभर एकर शेत, ट्रॅक्टर, व्यवस्थापक, कुंपण आणि वर्षातून दोनदा विमानाने येणारे विश्वस्त यांवर जो पैसा जातो, तो त्याच गावातील घरांत समान वाटला असता तर जे झाले असते, त्याहून आपले शेत काही अधिक देते काय? हे दाखवावयाचे तर हिशेब खरा ठेवावा लागेल: देणगीत आलेल्या ट्रॅक्टरचा घसारा, स्वयंसेवकाच्या फुकट श्रमाची किंमत, मिळालेल्या जमिनीचा खंड, सारे खर्चात धरून. फार थोड्या संस्था असा ताळेबंद मांडतात. बेनिनमध्ये पोर्तो-नोव्हो येथे गॉडफ्रे न्झामुजो या डॉमिनिकन धर्मगुरूंनी १९८५ साली सुरू केलेले 'सोंघाई' केंद्र या बाबतीत लक्षात घेण्याजोगे आहे. पिके, मासे, पक्षी व बायोगॅस यांची तेथे साखळी असून एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होतो. माल केंद्राच्या दुकानांत विकला जातो, आणि तरुण तेथे शिकून आपापल्या शेतावर परत जातात. धर्मगुरू स्वतः आफ्रिकेतले, शेजारच्या नायजेरियाचे, आणि ते तेथून हलले नाहीत, याला मी तंत्राइतकेच महत्त्व देतो. पश्चिम केनियात २००६ साली सुरू झालेल्या 'वन एकर फंड'ने तर स्वतःचे शेत न ठेवता शेतकऱ्याला बी व खत हप्त्याने परतफेडीच्या बोलीवर दिले. वस्तू नको असेल तर शेतकरी पुढच्या वर्षी नाव नोंदवीत नाही; संस्थेला आपली चूक त्याच हंगामात कळते. दान घेणाऱ्याला असे 'नाही' म्हणता येत नाही.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी अशा कामाला पैसा देतात किंवा वर्षभरासाठी तिकडे जाऊ इच्छितात, त्यांनी संस्थेकडे पिकाच्या छायाचित्रांपेक्षा तीन कागद मागावेत. मजुरांच्या हजेरीपटाचा महिनावार गोषवारा, म्हणजे मजूर केव्हा ओढले जातात ते कळेल. देणग्या वगळून मांडलेला शेतीचा नफातोटा. आणि जमिनीचा करारनामा. यांतला तिसरा कागद सर्वांत क्वचित दाखविला जातो. मुखियाने जमीन दिली असेल तर कोणत्या मुदतीने, त्यावर पूर्वी कोण कसत वा गुरे चारीत होते, त्यांना मोबदला काय मिळाला, आणि संस्था निघून गेल्यावर विंधणविहिरीसह ती जमीन कोणाकडे जाणार? यातेंगात सावाडोगो यांच्या हाती असा कागद नव्हता. वाहिगुया शहर वाढत त्यांच्या वनापर्यंत आले तेव्हा त्यांतील जमीन घरांचे प्लॉट पाडण्यासाठी गेली, आणि पडीक माळाचे वन करणाऱ्या त्या वृद्धाला उरलेले राखण्यासाठी सरकारदारी खेटे घालावे लागले.